उशीर नसलेली टाळी

१

दुपारच्या तासाला मुलांनी कानातली यंत्रं काढून समोर ठेवली. तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं. सगळी आपापल्या घरी, आपापल्या पडद्यासमोर बसली होती. एकमेकांना दिसतही नव्हती. तरी तास संपेपर्यंत वर्गातल्या बहुतेकांनी तेच केलं. बाईंच्या ओठांवर एक शब्द दिसत होता आणि कानात त्याच्या आधीचा शब्द पडत होता. कमी ऐकू येणारं मूल ओठ आणि आवाज जुळवून बोलणं समजून घेतं. दोन्ही जुळेनात, तेव्हा मुलांनी ओठांवर विश्वास ठेवला आणि आवाज सोडून दिला.

मुख्याध्यापिकांनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या चिडलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. एक मुलगा अजूनही यंत्र परत घालायला तयार नव्हता. यंत्र खोटं बोलतं, असं त्याने आईला पाटीवर लिहून दाखवलं होतं.

शाळेचे तास घरोघरी पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव ओहोळ. माझ्या दादाने ते लिहायला घेतलं ते त्याच्या मुलीसाठी. माझी भाची याच शाळेत शिकते, आणि आठवड्यातले काही दिवस घरूनच तास बघते. ओहोळ फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांना उघडा आहे, ज्याला जमेल त्याने दुरुस्त करावा. एका मुलीसाठी निघालेली गोष्ट आता कितीतरी शाळा वापरतात. दादा, वहिनी आणि आणखी दोघं ते सांभाळतात.

बग नवा असता तर कोणी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण तो जुनाच होता. वहिनीने मागे जीव ओतून तो शोधला होता, दुरुस्त केला होता. परवाच्या नव्या आवृत्तीत ती दुरुस्ती नव्हती. कोणीतरी ती हळूच काढून टाकली होती, आणि काढणाऱ्याचं नाव बदलांच्या नोंदीत स्पष्ट दिसत होतं.

नाव वहिनीचंच होतं.

२

दादाने मला सकाळीच बोलावून घेतलं. संध्याकाळी ओहोळच्या सगळ्या माणसांची पडद्यावर सभा होती आणि सभेपुढे एकच ठराव होता. वहिनीने यापुढे कोडला हात लावायचा नाही.

"मी चौकशी केली तर म्हणतील बायकोला पाठीशी घातलं," तो म्हणाला. "तू ओहोळच्या बाहेरची आहेस. आणि तू मोजल्याशिवाय तोंड उघडत नाहीस, हे सगळ्यांना माहीत आहे."

मी कॉलेजच्या ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. खोल्या, भिंती, कानातली यंत्रं, जे आवाज करतं किंवा खातं ते सगळं मोजते. कोड मला वाचता येतो, लिहिता येत नाही.

घराच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल आहे. ओहोळची दर आठवड्याची बैठक तिथेच होते. दादाने मला तिथे बसवलं आणि समजावून सांगितलं. कॅमेरा प्रत्येक चित्राला आणि आवाजाच्या प्रत्येक तुकड्याला वाढता आकडा देत जातो. गाडीच्या मीटरसारखा तो आकडा भरला की पुन्हा शून्यावर येतो. चित्र आणि आवाज थोडे मागेपुढे शून्यावर येतात, आणि नेमक्या त्या वेळी ओहोळ गोंधळून दोघांची जोडी मोडायचं. वहिनीची दुरुस्ती तेवढ्यासाठीच होती.

ओहोळमध्ये एक शिस्त आहे. बग दुरुस्त केला की ज्या क्लिपवर तो सापडला ती नमुना म्हणून जपून ठेवायची. प्रत्येक रिलीजच्या आधी संगणक सगळ्या नमुन्यांवरून प्रोग्राम फिरवून बघतो. दुरुस्ती निघाली तर टेस्टने बोंब मारायला हवी होती. मारली नाही, कारण नमुनाही बदललेला होता. नाव तेच, शाळेचा तोच लांब व्हरांडा, तशाच टाळ्या. फक्त आकडा शून्यावर येण्याचा क्षण त्या क्लिपमध्ये नव्हता.

त्या टाळ्या म्हणजे शाळेची रोजची रीत. सकाळी शिपाईमामा व्हरांड्याच्या टोकाला उभे राहून टाळ्या वाजवतात. दुसऱ्या टोकाला कॅमेरा, त्यावरच माइक. चित्र आणि आवाज जुळतात का, एवढंच बघायचं. त्या सगळ्या सकाळच्या क्लिप सर्व्हरवर पडून असतात आणि चौघांपैकी कोणीही त्या उघडू शकतं.

"त्यातली कुठलीही सकाळ उचलायची आणि नाव बदलून ठेवायची," दादा म्हणाला. "काही करावं लागत नाही."

आणि वहिनीचं नाव? ते लिहून चालत नाही. प्रत्येकाच्या बदलावर त्याच्याच लॅपटॉपमधली डिजिटल सहीची मोहोर उठते. बदल गेल्या बैठकीच्या दुपारी वहिनीच्या लॅपटॉपवरून झाला होता आणि त्याच संध्याकाळी आवृत्ती बाहेर पडली. त्या दुपारी चौघंही या खोलीत होते.

वहिनी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. समोरचा चहा गार झाला होता.

"या वन्सं," ती म्हणाली. आमच्यात हा जुना विनोद आहे. एरवी ती मला अगंतुगंच करते. "सासरचं माणूसच चौकशीला आलं म्हणजे आता सुटका नाही."

मी तिला सरळ विचारलं. तीही सरळ बोलली. तिने ती दुरुस्ती काढली नव्हती. त्या दुपारी भाचीचा तास संपला म्हणून ती आत गेली होती आणि लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. घरातल्या घरात कोण कुलूप घालतं?

"पण हे मी सभेत कुठल्या तोंडाने सांगू?" ती म्हणाली. "नोंद खोटं बोलत नाही, हे गेली कित्येक वर्षं मीच सगळ्यांच्या डोक्यात भरवलंय."

हे तिने अगदी सपाट आवाजात सांगितलं. मग म्हणाली की ओहोळ गेलं तर ती दुसरं काम शोधेल, तेवढं तिला येतं. पण लोक यापुढे तिच्या नावाचा प्रत्येक बदल आधी दोनदा तपासतील. ते तिला सहन होणार नव्हतं.

३

चौघांतले तिसरे रेडिओकाका. ते आमचे कोणी लागत नाहीत. निवृत्त रेडिओ इंजिनिअर. ओहोळचा आवाजाचा भाग सुरुवातीला त्यांनी लिहिला. त्यांच्या घरात बसायला खुर्ची शोधावी लागते, कारण प्रत्येक खुर्चीवर एखादा उघडलेला सेट असतो. वहिनीने वर्षभरापूर्वी त्यांचा तो सगळा भाग काढून नवा लिहिला होता. तेव्हापासून ते तिच्याशी फक्त कामापुरतं बोलायचे.

राग आहे, हे त्यांनी मी विचारायच्या आधीच कबूल केलं. पण तिने माझं लिहिलेलं काढलं ते तोंडावर सांगून, कारणं देऊन काढलं, असंही म्हणाले. चोरून काही करणाऱ्यातली ती नाही.

मग आपोआप दादा-वहिनींच्या भांडणांवर आले. त्यांना ती सगळी पाठ होती.

"तुझा भाऊ टाळीलासुद्धा टेप लावतो गं पोरी. हात किती लांब, माइक किती लांब, आवाजाला वाटेत किती वेळ लागला, ते काढायचं आणि क्लिपमधला आवाज तेवढा पुढे ओढायचा. म्हणे नमुना स्वच्छ पाहिजे. आणि तुझी वहिनी म्हणते, हात लावायचा नाही. मागच्या बाकावरच्या पोराला उशिराच ऐकू येतं, तेच खरं. एवढ्याशा टाळीवरून दोघं दोन दिवस बोलत नव्हते."

काका स्वतः कोणाच्या बाजूने, हे विचारलं तर हसले. तेवढा फरक आता त्यांच्या कानांना कळतही नव्हता, आणि क्लिपमधला आवाज इकडेतिकडे करणं त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. त्यांच्या काळी फीत कापायला कात्री होती, तिने असली नाजूक कामं व्हायची नाहीत.

चौघांतला चौथा, ज्याला सगळे दाढी म्हणतात, तो सर्व्हर सांभाळतो. एका कचेरीच्या तळघरात, पंख्यांच्या घरघरीत तो दिवसभर बसतो आणि त्यामुळे सगळीकडे ओरडूनच बोलतो. वहिनीने मागे सगळ्यांदेखत त्याला झापलं होतं. त्याने एका आठवड्याच्या साठ्याच्या नकला, म्हणजे बॅकअप, काढून ठेवल्या नव्हत्या. ते त्याला लागलेलं अजून दिसत होतं.

"वहिनींचं चुकलं तर चुकलं म्हणायचं ना, ताई? आमचं चुकलं तेव्हा त्यांनी सोडलं का?"

क्लिप, नमुने यांच्याशी त्याचा संबंध नव्हता. त्याच्या भाषेत तो डबे मोजणारा, आत काय आहे ते त्याने कधी उघडून पाहिलं नव्हतं. ते खरं असावं. त्याच्या यंत्रावर क्लिप वाजवायचासुद्धा प्रोग्राम नव्हता. पण निघताना तो एक बोलला आणि ते माझ्या डोक्यात राहिलं. गेले काही महिने दादा एकेक काम वहिनीकडे सोपवत होता. आता ओहोळ चालतं ते तिच्यावर. तिला काढलं तर दुसरं कोणी उभं नाही.

"मग ठरावाला मत देताय कशाला?" मी विचारलं.

त्याने दाढी खाजवली. हा विचार त्याने केलेला नव्हता.

४

शाळेत मुख्याध्यापिकांनी मला तो व्हरांडा दाखवला. लांब, रिकामा, दोन्ही बाजूंना कडक भिंती. मी सवयीने एक टाळी वाजवली आणि पडसाद कानावर घेतले. शिपाईमामांना वाटलं मी त्यांची परीक्षा घेतेय. त्यांनी लगेच टोकाला जाऊन रोजची त्यांची जागा दाखवली. फरशीवर रंगाची खूण होती. कॅमेऱ्यापासून ती खूण मी मोजून घेतली.

बाईंनी मला ऑफिसात बसवलं आणि दार लावलं. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण त्याला किंमत आहे की नाही ते कळत नव्हतं. एका कंपनीचा माणूस त्यांना भेटून गेला होता. असंच सॉफ्टवेअर विकणारी कंपनी. गोड बोलणारा माणूस, मुलांची चौकशी करणारा. जाताना म्हणाला, तुमच्या फुकटच्या नव्या आवृत्तीत ओठ आणि आवाज यांची फारकत होईल, तेव्हा आमची आठवण ठेवा.

मला त्यात विशेष वाटलं नाही. कोड उघडा आहे. त्यांच्या एखाद्या हुशार इंजिनिअरने वाचला असेल, दुरुस्ती निघालेली पाहिली असेल.

"कधी आला होता?" मी विचारलं.

बाईंनी आठवून सांगितलं. आवृत्ती आली त्याच दिवशी, सकाळच्या प्रार्थनेनंतर लगेच.

मी परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं. त्या दिवशी पालकांची रांग होती, म्हणून त्याला बाहेर थांबावं लागलं होतं.

दुरुस्ती काढली गेली ती त्या दिवशी दुपारी. सकाळी तो कोडमध्ये वाचणार काय? दुपारी काय होणार आहे ते त्याला कोणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं.

५

प्रयोगशाळेत मी दोन्ही क्लिप उघडल्या. ओहोळच्या साठ्यात जुनं पुसलं जात नाही, नव्याखाली दबून राहतं. त्यामुळे वहिनीने ठेवलेला मूळ नमुना मिळायला अडचण नव्हती. शेजारी तो बदललेला.

मला काय शोधायचंय ते माहीत नव्हतं. म्हणून मी जे येतं ते केलं. मोजलं.

एका टाळीवरून काही ठरत नाही. कॅमेऱ्याच्या दोन चित्रांच्या मध्ये हात मिटले तर तेवढी चूक होतेच. पण शिपाईमामा हौशी आहेत, भरपूर टाळ्या वाजवतात. प्रत्येक टाळीला हात कधी मिटले आणि आवाज कधी आला ते घेतलं आणि सरासरी काढली.

वहिनीच्या क्लिपमध्ये आवाज हातांच्या मागून येत होता. किंचित, पण प्रत्येक वेळी. व्हरांड्याच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत यायला हवेतून जेवढा वेळ लागेल, जवळजवळ तेवढाच. त्यात नवल नाही. कोणत्याही सकाळी तो तेवढाच असणार.

बदललेल्या क्लिपमध्ये उशीरच नव्हता. हात मिटले की आवाज.

मी पडसाद तपासले. माइक हातांजवळ नेला असता तर टाळी कोरडी आली असती. ती तशी नव्हती. भिंतींवर आपटून, पडसादांत भिजून आलेली होती. म्हणजे माइक नेहमीच्याच जागी होता, कॅमेऱ्यावर. कुठला प्रोग्राम येणाऱ्या प्रत्येक क्लिपला आपोआप तसं करत असेल म्हणावं, तर वहिनीची क्लिप त्याच वाटेने आत गेली होती आणि तिला काही झालेलं नव्हतं. हे कोणीतरी स्वतः बसून केलं होतं. क्लिप उचलली, अंतर काढलं, आवाज तेवढा पुढे ओढला, मग ठेवली.

त्याची गरज नव्हती. टेस्ट याच्या कितीतरी पट मोठी चूक चालवून घेते. फसवायला कुठलीही सकाळ जशीच्या तशी पुरली असती. मला ते कोणी सांगितलं होतं?

दादाने. आज सकाळीच.

मी बराच वेळ दुसरं उत्तर शोधत बसले. शोधायची इच्छा होती म्हणून शोधलं. दादाला अडकवायला कोणी त्याची टाळीला टेप लावायची सवय मुद्दाम वापरली असेल? पण ज्याला दादाला अडकवायचंय तो वहिनीची मोहोर कशाला उठवेल? आणि वहिनीनेच केलं असेल, तर स्वतःचं नाव पुढे करून ती दादाची खूण अशा ठिकाणी का ठेवेल, जिथे कोणी बघणार नाही? काकांना फरक ऐकू येत नाही. दाढी डबा उघडत नाही. उरला तो एकच माणूस, ज्याच्या हातून अस्वच्छ नमुना आत जाऊच शकत नाही. खोटा असला तरी.

बाहेर ऊन उतरत होतं. सभेला अवकाश होता. मी यंत्रं बंद केली आणि घरी निघाले. वाटेत दोनदा चुकीच्या गल्लीत वळले.

६

दादा मागच्या खोलीत सभेची तयारी करत होता. दिवा कुठे, कॅमेरा कुठे. मी दार लोटून घेतलं आणि मोजलेलं सांगितलं. फक्त आकडे, कोणाचं नाव घेतलं नाही.

तो आधी हसला. म्हणाला, तुला टाळीत भूत दिसायला लागलं. मग म्हणाला, एवढा फरक कोणालाही जमेल. त्याचा हात टेबलाच्या कडेवरून पुढे मागे फिरत होता. धूळ नव्हती, तरी पुसत होता.

"मला आठवतच नाही मी ते केल्याचं," तो शेवटी म्हणाला. "आवाज पुढे ओढल्याचं, म्हणजे."

बाकीचं त्याला आठवत होतं, वहिनी आत गेल्यावर तिच्या उघड्या लॅपटॉपवर बसल्याचंसुद्धा. कंपनीने त्याला मुख्य इंजिनिअर म्हणून बोलावलं होतं. अट तोंडी होती, ओहोळ बंद पडायला हवं: फुकटचं ओहोळ शेजारी धावत असेल तर त्यांचं कोण घेणार? तो नुसता सोडून गेला असता तर वहिनीने ते चालवलं असतं, त्याच्याहून चांगलं चालवलं असतं. ते तिच्या हातात देऊन तो मोकळा झाला होता, आता तिच्या हातावरून लोकांचा विश्वास उडायला हवा होता. मग ओहोळ आपोआप आटलं असतं, आणि कोणी मारलं असं म्हणावं लागलं नसतं.

"मला का बोलावलंस?" मी विचारलं.

उत्तर मला कळत होतं. मी नोंद बघेन, मोहोर बघेन, खरं तेच सांगते असा माझा लौकिक आहे. आणि माझ्या त्या लौकिकाने तो वहिनीवर शेवटचा खिळा ठोकणार होता.

दार उघडलं होतं. कधी, ते मला कळलं नाही. वहिनी चौकटीत उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ती आत्ता आलेली नाही.

दादाने तिच्याकडे पाहिलं आणि घाईघाईने, जणू हे एक तरी आपल्या बाजूचं आहे अशा सुरात म्हणाला, "आपल्या पोरीच्या लॅपटॉपवर मी जुनीच आवृत्ती ठेवली होती. तिला काही झालं नाही. विचार तिला."

वहिनी टेबलाशी येऊन बसली. खुर्ची ओढतानासुद्धा आवाज होऊ दिला नाही.

"म्हणजे बाकीच्या मुलांचं काय होणार, ते तुला आधीच दिसत होतं," ती म्हणाली.

समोरच्या पडद्यावर एकेक चेहरा उगवायला लागला. काका, दाढी, मग कधी न भेटलेली कितीतरी माणसं. कोणी जेवत होतं, कोणी बाळ मांडीवर घेऊन बसलं होतं. सगळे वहिनीकडे बघायचं टाळत होते. काकांनी घसा साफ केला आणि ठराव वाचायला घेतला.

दादा माझ्याकडे वळला. आवाज खाली आणून म्हणाला, "मी तुझा भाऊ आहे."

"म्हणून तुला आधी सांगितलं," मी म्हणाले. "दुसऱ्या कोणाला सांगितलं नसतं."

मग मी काकांना थांबवलं आणि सभेला सगळं सांगितलं. वेळ फारसा लागला नाही. दोन क्लिप वाजवल्या, आकडे दाखवले, कंपनीच्या माणसाची सकाळ सांगितली. दादाला बोलायची संधी दिली. काही बोलायचं नाही, अशी त्याने मान हलवली. तीच कबुली धरली गेली. कोणीतरी म्हणालं, ओहोळच्या पहिल्या पानावरचं त्याचं नाव काढून टाका. वहिनी म्हणाली, नको, सुरुवात त्यानेच केली. हे तिने दयेने म्हटलं नव्हतं. नोंदीत खोटं नको, एवढंच.

ठराव मांडायला कोणी उरलंच नाही. दाढीने माफी मागायला सुरुवात केली ती नेहमीप्रमाणे ओरडूनच. वहिनीने हात वर करून त्याला थांबवलं आणि लॅपटॉप पुढे ओढला. दुरुस्ती परत घातली, मूळ नमुना परत ठेवला, टेस्ट लावून दिली. नवी आवृत्ती उद्याच्या तासाआधी शाळेत पोचायला हवी होती. पडद्यावरून कोणी उठून जात नव्हतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून भाचीने बाबांना हाक मारली. तिची हाक नेहमीच जरा मोठी असते. गणित अडलं असेल; संध्याकाळचं गणित त्याच्याकडे असतं.

दादा उठला नाही. ती परत हाक मारेपर्यंत तो आपल्या हातांकडे बघत राहिला. वहिनीची बोटं चालूच होती. तिने वर पाहिलं नाही, त्याला जा म्हटलं नाही आणि नको जाऊसही म्हटलं नाही.

तिसऱ्या हाकेला मी उठले आणि आत गेले.